वीसच्या जागी चार

माझ्या रक्तातल्या मूळ पेशींच्या मोजणीत वीस यायला हवे होते, आले चार. पाच दिवस सोनियाने, म्हणजे माझ्या बायकोने, माझ्या पोटात इंजेक्शनं टोचली, कंबर ठणकून धड बसता येईना, आणि फळ काय, तर चार.

थोरल्या भावाला, महिपतीदादाला, रक्ताचा कॅन्सर. घरात जुळलो मी एकटा. माझ्या हाडातल्या मूळ पेशी रक्तात उतरवायच्या, यंत्राने गोळा करायच्या आणि त्याला चढवायच्या. त्याच्या हाडांचं रक्त करणं औषधांनी आधीच बंद पाडलं होतं, म्हणजे मागे फिरायची सोय नव्हती. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, की रोगाशी लढणाऱ्या पेशींपैकीच काही जणी हाडात राखण करत बसतात आणि मूळ पेशींना धरून ठेवतात. इंजेक्शनाने त्यांची पकड सुटते. काहींची सुटत नाही. माझ्याच का सुटली नाही, ते त्यांनाही सांगता येईना.

हे आईला कोण पटवणार? चार वर्षं भावाशी बोलला नाहीस, मग रक्त कसं धावून जाईल, असं तिचं म्हणणं. सोनिया सिंधी म्हणून दादा आमच्या लग्नाला आला नव्हता, हे मात्र ती सोयीने विसरली. बदलापूरहून तडक कॅम्प चारला आमच्या घरी आली आणि मला अंबरनाथच्या शिवमंदिरात घेऊन गेली. माझ्या तळहातावर बेलाचं पान ठेवून म्हणाली, "मनापासून देतो म्हण."

माझं डोकंच फिरलं. कारण रिपोर्ट जुळला त्या दिवशी माझ्या मनात आलं होतं, न जुळता तर बरं झालं असतं. हे मी सोनियालाही सांगितलं नव्हतं.

"मनापासून नाही देत," मी म्हणालो. "राग आहे माझा. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कमरेच्या हाडात सुया घालून मूळ पेशी थेट काढता येतात. तसं काढू देत."

आईने माझ्या तळहातावरचं पान काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काढायचं ठरलं. संध्याकाळी दादाचा फोन आला. आधी नुसतं खोकला.

"तुला बेशुद्ध करणार म्हणे. सोबत कोण?"

"सोनिया."

दादा पुन्हा खोकला. मग म्हणाला, "तिला माझ्या खोलीच्या काचेपाशी घेऊन ये. बघू दे मला."

चार वर्षांनी. माझी हाडं टोचायची वेळ आल्यावर. हो न म्हणताच मी फोन ठेवला.

सोनियाने सगळं ऐकलं होतं. तिने कपाटातून एक साडी काढली. लग्नात थोरल्या दिराच्या पाया पडायला घेतलेली, अजून घडी न मोडलेली.