बैल कुणाकडं होते?

लहानपणापासून मला दुसऱ्याच्या चुका काढायची खोड. लग्नपत्रिका हातात आली की मी आधी तारीख आणि वार जुळतो का ते बघायची. आमची आई, सुमनबाई, सगळ्या बिलोलीत सांगत फिरायची, "आमच्या महामायाला कुनी करून घेनार न्हाई. नवऱ्यातबी चुका काढंल ती." नवऱ्याचं पुढं बघू, पण त्याच खोडीवर मला नोकरी लागली.

नवं औषध बाजारात यायच्या आधी ते ठिकठिकाणच्या दवाखान्यांत थोड्या रुग्णांना देऊन बघतात, त्याला अभ्यास म्हणायचं. कोण कधी आलं, वजन किती, साखर किती, हे तिथला कोऑर्डिनेटर कॉम्प्युटरमध्ये भरतो. ते माझ्यासमोर येतं आणि मी नांदेडला, विष्णुपुरीच्या रस्त्यावरच्या माझ्या खोलीत बसून त्यात खोट शोधते. सापडली की दवाखान्याला प्रश्न पाठवायचा. त्याला आम्ही क्वेरी म्हणतो. रुग्णाचं नाव मला कळत नाही आणि कळूही द्यायचं नसतं, मला फक्त नंबर दिसतो. बारा वर्षांपूर्वी हैदराबादेत नुसते आकडे टाइप करायला लागले होते. आता तीस दवाखान्यांचे कोऑर्डिनेटर माझी क्वेरी आली की कपाळाला हात लावतात.

त्या वर्षी कंपनीकडं एक मोठा नवा अभ्यास आला होता आणि त्याची प्रमुख व्हायचं माझ्या लई मनात होतं. बेंगळुरूचे आमचे साहेब, पंचाक्षरी सर, माझ्या कामावर खूश होते. पण नांदेडात बसून प्रमुखपण जमेल का, ही शंका त्यांच्या मनातून जात नव्हती.

अशात उदगीरच्या दवाखान्यातला रुग्ण नंबर अकरा माझ्या तावडीत सापडला. साखरेच्या औषधाचा अभ्यास. व्यवसाय शेती, तारीख बावीस ऑगस्ट, सकाळी अकरा वाजता उपाशीपोटी रक्त दिलं, वजन घेतलं, एकही रकाना मोकळा नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. बावीस ऑगस्टला पोळा होता.

माझे आजोबा जन्मभर सालगडी. स्वतःचा बैल एकही नव्हता, पण पोळ्याला मालकाच्या बैलांची शिंगं तेच रंगवायचे. त्यामुळे पोळा मला घड्याळासकट पाठ. पहाटे बैल धुवायचे, मग शिंगं, मग अंगावर रंग आणि झूल, पुरणाची पोळी आधी बैलाला आणि मग आपल्याला. त्या दिवशी अंगात ताप असला तरी शेतकरी दवाखान्याकडं फिरकत नाही. हा फॉर्म कुणीतरी खुर्चीत बसून मनानं भरला होता, याबद्दल मला काडीचीही शंका नव्हती.

मी इंग्रजीत, अगदी अदबीनं क्वेरी टाकली: पोळ्याच्या दिवशी सकाळी अकरा वाजता शेतकरी रुग्ण दवाखान्यात कसा? बैल कुणाकडं होते? कृपया स्पष्ट करावे.

उदगीरचा कोऑर्डिनेटर महांतेश. त्याचं उत्तर तासाभरात आलं: रुग्ण स्वतः आला होता. बैलांची माहिती फॉर्ममध्ये विचारलेली नाही.

माझं टाळकं सरकलं. त्याच शुक्रवारी मीटिंग होती. अठरा जणांसमोर मी सांगून टाकलं की उदगीरचे आकडे बनावट आहेत, तो दवाखाना अभ्यासातून वगळा.

"खात्री कशावरून?" पंचाक्षरी सरांनी विचारलं.

"पोळ्यावरून, सर."

कुणीतरी फिसकन हसलं. सर हसले नाहीत. "सोमवारपर्यंत पुरावा आणा. तुमचं खरं निघालं तर नवा अभ्यास तुमचा. नाही निघालं तर नांदेडचा विषय पुन्हा काढायचा नाही."

मी उदगीरला दुसरी क्वेरी टाकली: रुग्ण आल्याचा पुरावा जोडावा. पाच मिनिटांत महांतेशचा फोन.

"मॅडम, तुमी माज्या बैलावर का उठून राहिलाव?"

"बैल तुमचे न्हाईत. आणि मी बैलांवर न्हाई, तुमच्यावर उठलेय."

"पुरावा पायजे ना? देतो. मग बोलू नका."

पुरावा म्हणून एक फोटो आला. दवाखान्याचं फाटक, कोपऱ्यात तारीख आणि वेळ, बावीस ऑगस्ट, अकरा वाजून दहा मिनिटं. फाटकासमोर धोतर नेसलेला एक माणूस, चेहऱ्यावर काळा चौकोन, दंडाला रक्त घेतल्यानंतरचा कापूस. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन बैल, शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली, आणि दोन्ही बैलांच्या डोळ्यांवरही काळ्या पट्ट्या. खाली महांतेशनं लिहिलं होतं: गोपनीयतेच्या नियमानुसार रुग्णाचा व सोबतच्यांचा चेहरा झाकला आहे.

मी महांतेशला फोन लावला. आवाज माझाच, पण जरा खालच्या पट्टीतला. "बैल घेऊन कशाला आले ते?"

"पोरगा पुन्याला. बैलाजवळ थांबायला घरी कुनी न्हाई. म्याच सांगितलं व्हतं त्यांना, काका, तारीख चुकवू नका, एक खाना मोकळा राह्यला तर वरच्या मॅडम आमाला फाडून खातात. तर पहाटं बैलं धुतली, रंगवली आन् घेऊनच आले. पाच किलोमीटर चालत, उपाशीपोटी. घरी पुरन शिजत व्हतं, मॅडम."

वरच्या मॅडम म्हणजे मी. ज्या माणसाला मी खोटा ठरवून बसले होते, तो माझा एक रकाना भरावा म्हणून पोळ्याच्या सकाळी दोन बैल हाकत आला होता. मला लाज वाटली. लई लाज वाटली.

फोन ठेवून मी पुन्हा फोटो बघितला. खोड कुठं जाते? डाव्या बैलाच्या पोटावर हिरव्या रंगात, चांगलं हातभर अक्षरात लिहिलं होतं: बजरंग. त्याखाली आडनाव आणि गाव. महांतेशनं माणसाचं तोंड झाकलं, बैलांची तोंडं झाकली, पण पोळ्याला मालकाचं नाव बैलाच्या पोटावर असतं हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

रुग्णाचं नाव बाहेर येणं म्हणजे आमच्याकडं मोठा गुन्हा. सोमवारी फक्त एवढंच सांगितलं असतं तर पोळ्याचं कुणी विचारलंही नसतं. उदगीरवर शिंतोडे उडाले असते, माझं नाक वर राहिलं असतं, नवा अभ्यास खिशात. अर्धा कप चहा संपेपर्यंत तो विचार मला भारी गोड लागला, हे कबूल करते.

सोमवारी मी अठरा जणांसमोर म्हणाले, "माझी चूक झाली. रुग्ण आला होता, आकडे खरे आहेत, उदगीरला वगळू नका. दुसरं, फोटोत रुग्णाचं नाव दिसतंय. त्याची नोंद मी केली आहे. चूक तिकडची, पण पुरावा द्या म्हणून हट्ट धरणारी मी, तेही नोंदीत लिहिलंय."

मग पंचाक्षरी सर म्हणाले, "फोटो आम्ही सगळ्यांनी उघडून पाहिला. नाव कुठं आहे?"

"बैलाच्या पोटावर, सर."

आधी सर हसले, मग सगळेच. हसणं थांबल्यावर सर म्हणाले, "मी सांगितलं होतं, नांदेडचा विषय पुन्हा काढायचा नाही."

"हो, सर."

"तर नाही काढत. तुम्ही तिथंच राहा. बैलाचं पोट वाचणारं माणूस मला बेंगळुरूत मिळायचं नाही. नव्या अभ्यासाची कागदपत्रं उद्या पाठवतो."

मीटिंग संपल्यावर कॅमेरा बंद करून मी आधी रडून घेतलं. मग उदगीरला शेवटची क्वेरी टाकली: जुना फोटो काढून टाकावा. बैलाचं पोटही झाकून नवा फोटो जोडावा.

महांतेशनं या वेळी कुठलीही कसर ठेवली नाही. नव्या फोटोत दोन्ही बैल शिंगांपासून शेपटीपर्यंत काळे करून टाकले होते. चौकोन लावलेल्या माणसाच्या दोन्ही बाजूंना दोन धष्टपुष्ट रेडे उभे होते. खाली लिहिलं होतं: कृपया क्वेरी बंद करावी.

माझे हात शिवशिवले. पोळ्याला रेडे कुठून आले, एवढंच विचारायचं होतं. पण बजरंगकाकांची आठवण झाली आणि मी क्वेरी बंद केली.