गोजराची जागा

महापालिकेच्या अतिक्रमण हटवायच्या गाडीवर मी अकरा वर्षं काढली. गाडी दिसली की फुटपाथवरची माणसं पळायची, मागे राहिलेला माल आम्ही उचलायचो आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं त्याच जागी बसलेली असायची. त्यात कोणाचं काही भलं झालं नाही. म्हणून फेरीवाल्यांची पाहणी करण्याचा आदेश आला तेव्हा आमच्या परवाना विभागात खरा आनंद झालेला माणूस मी एकटाच असेन. बाकीचे म्हणाले, "म्हात्रे, उन्हात फिरून मराल." मी म्हटलं, मरू दे, पण आपण पहिल्यांदाच या लोकांना हाकलायला नाही, मोजायला चाललोय.

योजना चांगली होती, हे मी आजही म्हणेन. प्रत्येक विक्रेत्याचा त्याच्या जागेवर फोटो काढायचा, आधार आणि रेशनकार्ड टॅबमध्ये भरायचं. जो पात्र ठरेल त्याला ओळखपत्र, रस्त्यावर रंगाने आखलेला एक चौकोन, बँकेचं लहानसं कर्ज. आणि गाडी त्याला हात लावणार नाही. मी घणसोलीचा, आगरी. या शहरासाठी आमची शेतं गेली आणि बदल्यात मला ही नोकरी मिळाली. पायाखालची जागा जाते म्हणजे काय होतं, हे मला कोणी शिकवायला नको होतं. तरीही मी माती खाल्ली. कशी खाल्ली, तेच सांगतो.

नेरूळच्या मार्केट रोडवर विजयमाला फडतरे एकोणीस वर्षं मोड आलेली कडधान्यं विकत होती. मटकी, मूग, हरभरा आणि सोललेले वाल. ओल्या फडक्याखाली झाकलेल्या तिच्या पाट्या मी स्वतः किती वेळा गाडीत टाकल्या असतील, त्याचा हिशोब नाही. पण त्याबद्दल तिने कधी शिवी दिली नाही. साताऱ्याकडची बाई. नवरा बाबासो मार्केटात पोती उचलायचा, पाठीचा मणका गेल्यापासून घरी असतो. मुलगा शिवतेज बाईकवरून पार्सलं वाटतो, त्याचं काम आज आहे तर उद्या नाही. घर त्या पाट्यांवरच चालायचं.

तिच्या शेजारी गोजरा बसायची, पालेभाजी घेऊन. दोघींचं गाव वेगळं, नातंगोतं काही नाही. पण या बायकांची एक रीत आहे. एक गावाला गेली की दुसरीने तिच्या जागेवर गोणपाट अंथरायचं, वर आपलीच एखादी पाटी ठेवायची आणि ती परत येईपर्यंत तिथे दुसऱ्या कोणाला टेकू द्यायचं नाही. जत्रा असो, बाळंतपण असो, मयत असो, रीत मोडायची नाही.

फेब्रुवारीतल्या सकाळी मी टॅब घेऊन त्यांच्यापाशी पोचलो, तेव्हा गोजराच्या जागेवर नुसतं गोणपाट होतं.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"गोजराची," विजयमाला म्हणाली. "भाव वारला तिचा. खटावला गेलीया, बारावं करूनच यील."

"ताई, माणूस पायजे. माणसाशिवाय हे मशीन पुढं जात नाय."

"फोनवर दाखवू का? दिसती की त्यात."

"फोनवर नाय चालत."

"मग तुमी पंधरा दिसांनी या की परत."

"या रोडची यादी आज बंद होते. परत येनं नाय."

तिच्या हातात मटकीचं माप होतं, ते तसंच राहिलं. समोर गिऱ्हाईक उभं होतं, तिला त्याचं भान नव्हतं. "मंजी जागा गेली म्हना तिची," ती म्हणाली. स्वतःची जागा जात असल्यासारखा तिचा चेहरा झाला होता.

मी पुढे जायला हवं होतं. नियम साधा होता, मला पाठ होता. पण अकरा वर्षं गाडीवर राबलेल्या माणसाला एक दिवस पुण्य करायची हुक्की येते, तशी मला आली. मी म्हटलं, "बसवा कोनाला तरी. घरातलं कोन असंल तर बोलवून घ्या. आता जागा यादीत येऊ दे, नाव मागनं बदलून घेऊ. फॉर्ममधे नाव बदलायचा रकाना हाय."

रकाना होता. मात्र तो मयत विक्रेत्याच्या वारसासाठी होता, हे मी नंतर वाचलं.

तिची सून सुनयना शिरवणे गावातल्या भाड्याच्या खोलीतून अर्ध्या तासात आली. मी तोवर चहा घेत थांबलो. माझ्या मोठेपणावर मीच खूश होतो. विजयमालाने आपला निम्मा मूग सुनेपुढे मांडला, हातात तराजू दिला.

"आत्या, मी सायबांना काय सांगू?" सुनयनाने विचारलं.

"काय सांगू नगंस. नुसती बस."

विजयमालाची नोंद आधी केली, मग सुनेचा फोटो काढला. सुनयनाचं आधार घेतलं, रेशनकार्ड घेतलं. सासूसुनेचं कार्ड एकच होतं, कारण घर एकच होतं. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि टॅबमध्ये भरलं. खाली ओळ आली, 'प्रत्यक्ष पाहणी केली, माहिती खरी आहे.' त्यावर मी अंगठा दिला. निघताना विजयमालाने सोललेल्या वालाची पुडी माझ्या पिशवीत कोंबली. "गोजरा आली की तुमचं नाव सांगती," ती म्हणाली.

मे महिन्याच्या शेवटी वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर यादी लागली. विजयमाला बाबासो फडतरे, अपात्र. सुनयना शिवतेज फडतरे, अपात्र. दोघींपुढे एकच शेरा होता: 'एका कुटुंबाला एकच जागा. खोटी माहिती देऊन दुसरी जागा मिळवण्याचा प्रयत्न.' फार तर सुनेचं नाव उडायला हवं होतं. दोन्ही उडाली होती. एकोणीस वर्षं उन्हात बसलेली बाई आता यादीत लबाड म्हणून लागली होती.

मी धर्मराज साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. ते आमचे विभागाधिकारी. माणूस वाईट नाही, पण कागदाबाहेर पाय टाकत नाही.

"ती बाई खोटं बोलनारी नाय साहेब," मी म्हटलं. "शेजारणीची जागा राखली तिने."

"मग तिथे सुनेचं नाव कसं आलं?"

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"बुधवारी हरकतींची सुनावणी आहे," ते म्हणाले. "पाहणी करणाऱ्यानेच तिला तसं करायला सांगितलं असेल आणि त्याने ते लेखी दिलं, तर खोट्या माहितीचा शेरा जाईल. तिची स्वतःची जागा तिला परत मिळेल. पण मग त्या कर्मचाऱ्याची चौकशी लागेल, आणि ती कुठवर जाईल ते माझ्या हातात नाही. मी कोणाचं नाव घेत नाही, म्हात्रे."

घरी जाऊन मी तो अर्ज लिहिला. दोनदा फाडला, तिसऱ्यांदा नीट उतरला. सुनावणीच्या दिवशी तो घडी करून शर्टाच्या खिशात ठेवला. देणार होतो. हे खरं आहे, माझ्यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका.

सुनावणीला तिघी आल्या. विजयमालाने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. सुनयना भिंतीला चिकटून उभी होती. कोणी विचारायच्या आधीच गोजरा बोलू लागली. "ती जागा माजी हाय सायेब. विजीनं माज्यासाठी सगळं केलं. सुनयना कवाच तितं बसत न्हवती."

"कधीच नाही?" साहेबांनी विचारलं.

"येक दिस बी न्हाई. देवाशपथ."

साहेबांनी ते लिहून घेतलं. माहिती खोटी होती, हे आता गोजराच्या तोंडूनच सिद्ध झालं. तिला वाटलं होतं, खरं सांगितलं की सुटका होते. साहेबांनी तेच वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं, आणि तिने पदर तोंडाला लावला.

"विजयमालाबाई," साहेब म्हणाले, "सुनेला तिथे बसवायचं तुम्हाला कोणी सुचवलं?"

त्यांनी प्रश्न सावकाश विचारला, मला वेळ मिळावा म्हणून. मी कोपऱ्यात रजिस्टर घेऊन बसलो होतो. विजयमालाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी उठलो असतो, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. राग नव्हता. ती फक्त अंदाज घेत होती.

"कुनी न्हाई," ती म्हणाली. "माज्याच डोक्यात आलं."

पंखा फिरत होता, बाहेर कोणीतरी जन्मदाखल्यासाठी हुज्जत घालत होतं. माझा हात खिशापर्यंतसुद्धा गेला नाही. मी घाबरलो होतो, बस. सहा वर्षं नोकरी उरली होती, घरी तोंड दाखवायचं होतं. भीतीला याहून मोठं कारण लागत नाही. साहेबांनी 'शेरा कायम' असं लिहिलं आणि पुढचं नाव पुकारलं.

मी तिघींच्या मागोमाग बाहेर गेलो. विजयमाला पायरीवर बसून चपलेचा अंगठा नीट करत होती. गोजरा आणि सुनयना गेटपाशी पोचल्या होत्या.

"सायेब, येक इचारू?" ती म्हणाली. "तुमचं नाव सांगितलं असतं, तर माजी जागा मिळाली असती का?"

खरंच विचारत होती. तिला माहीत नव्हतं. कोणी सांगितलंच नव्हतं तिला, आणि सांगू शकणारा माणूस तिच्यासमोर उभा होता.

"नसती मिळाली," मी म्हटलं.

"मग बरं झालं," ती म्हणाली. "उगा तुमच्या पोटावर पाय आला असता." ती उठली, गुडघ्यावर हात ठेवून दोन पायऱ्या उतरली आणि निघून गेली.

आता मार्केट रोड बघण्यासारखा झाला आहे. पिवळे चौकोन, प्रत्येकावर नंबर, मधोमध पाण्याचा नळ, वर दिवे. दोनशेच्या वर माणसं तिथे निर्धास्त बसतात. काहींनी कर्ज काढून वजनकाटे घेतले, एकीने ज्यूसची गाडी टाकली. त्यांचं खरोखर भलं झालं आहे आणि ते मी नाकारणार नाही. गोजराने पावसाळ्याआधी खोली सोडली, कामोठ्याला दोन घरी स्वयंपाकाला जाते. विजयमालाच्या चौकोनात मोबाईलची कव्हरं विकणारा एकजण बसतो. प्रतीक्षा यादीतून आला, त्याचा काही दोष नाही.

विजयमाला आता गल्लीच्या तोंडाशी बसते, दोनच पाट्या घेऊन. पूर्वी गाडी आली की सगळेच पळायचे आणि त्या गर्दीत काहीजण निसटायचे. आता कोणी पळत नाही. सगळे गळ्यातलं कार्ड पुढे करतात, आणि ज्याच्याकडे कार्ड नाही तो लांबूनच कळतो. पाहणीचं काम संपल्यावर मला पुन्हा गाडीवर घेतलं. आठवड्यातून तीन दिवस.

पहिल्याच मंगळवारी, दुपारी चारच्या सुमारास, गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली. मी उतरलो. ती पळाली नाही. जागची उठलीही नाही. मी वाकलो, तेव्हा तिने स्वतःच एक पाटी उचलून माझ्या हातात दिली, मग दुसरी.

"फडकं वलं ठिवा तेवढं," ती म्हणाली. "मोड सुकत्यात."

नाशवंत माल आम्ही परत देत नाही. संध्याकाळी तो डेपोत टाकून देतात. एकोणीस वर्षांत हे तिला माझ्याइतकंच पाठ झालं होतं. मी मान हलवली आणि पावतीपुस्तक काढलं.

"सायेब," ती म्हणाली, "पावतीवर नाव माजंच लिवा. सुनंचं नगं. तिचं अजून पुढं समदं व्हायचं हाय."

मी तिचं नाव लिहिलं, पावती फाडून तिच्या हातात दिली आणि गाडीत जाऊन बसलो.