कुंडीमागचा बाण

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. पण माझ्यावर वाचण्यासारखे फारसे काही नाही. एक बाण आणि खाली तीन शब्द : 'सभा, सकाळी दहा'. कसली सभा, ते मुद्दामच लिहिलेले नाही.

एका मोडक्या टेबलाच्या खणाचा तळ कापून सुतारकाकांनी मला घडवले. रंग दिला एका रंगाऱ्याने. दारू सोडून त्याला तेव्हा एकवीस दिवस झाले होते आणि हात थरथरत होता, म्हणून माझ्या बाणाची शेपटी जराशी नागमोडी आहे. सुतारकाका म्हणाले, "असू दे. आपल्यातलं कोण सरळ रेषेत आलंय?"

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी दारू सोडू पाहणारी माणसे जमत. उपदेश कुणी करत नसे. आपली गोष्ट सांगायची, दुसऱ्याची ऐकायची, एवढेच. कोण येते हे बाहेर कळू नये, हा तिथला पहिला नियम. फोनवर चौकशी करणाऱ्याला सांगत, "फाटकापाशी बाण दिसेल. त्याच्या मागे या."

एका रविवारी अंगणात डोळे तपासणीचे शिबिर भरले. ही गर्दी! सुतारकाका बावरले. कुणी "कसली सभा हो?" म्हणून विचारले, तर आपली माणसे फाटकातूनच माघारी फिरतील, असे त्यांना वाटले. त्यांनी मला मोठ्या कुंडीमागे, तोंड भिंतीकडे करून ठेवले. भल्यासाठीच ठेवले. पण नव्याने येणाऱ्याचे काय, हे त्यांच्या ध्यानातच आले नाही.

मला दिसत नव्हते, फक्त ऐकू येत होते. दहाला पाच मिनिटे असताना जड बुटांचा आवाज आला आणि त्यामागे लहान बुटांचा. तो एक बसचालक होता आणि बरोबर त्याची दहा वर्षांची मुलगी, हे मला नंतर कळले. बूट कोपऱ्यापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले, पुन्हा परत आले.

"बाबा, आई बॅग भरून बसलीय," मुलगी म्हणाली. "तुम्ही आज सभेला गेला नाहीत, तर ती मला मामाकडे घेऊन जाणार. कायमची."

"माहीत आहे गं. पण बाण कुठंय?"

विचारायचीही चोरी, विचारणार काय? तेवढ्यात शिबिरातल्या बाईंनी त्याला रांगेत उभे केले. "लाजता काय एवढे? चाळिशी सगळ्यांनाच लागते!" आणि तो बापडा खरोखरच उभा राहिला.

वर खुर्च्या सरकल्या. दहा वाजले. रांगेतून बूट बाहेर पडले.

"चल," तो म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती, आणि तिचीच मला भीती वाटली. "शोधलं ना आपण? आईला सांग, नव्हती सभा."

"अजून एकदा बघू या."

"किती वेळा बघायचं?"

"एकदाच. मग मी मामाकडेसुद्धा गुपचूप जाईन."

डोळ्यांतले पाणी लपवायला मुलगी बुटाची नाडी बांधण्याचे निमित्त करून खाली वाकली. कुंडीमागे तिला माझी कड दिसली. तिने मला ओढून काढले आणि अशी ओरडली, "बाबा, बाण!" की अख्खी रांग वळली.

सुतारकाका जिन्यावरून धावत खाली आले. "ए बाळ, ती पाटी ठेव आधी!" मग त्यांनी मुलीच्या बापाकडे पाहिले आणि आपली चूक त्यांना उमगली.

"मी नुसता बघायला आलोय," बसचालक म्हणाला.

"या की. मीही बघायलाच आलो होतो. बघता बघता नऊ वर्षं झाली."

बसचालकाने एकदा फाटकाबाहेर पाहिले, एकदा मुलीकडे. मग तो जिना चढला.

पुढच्या रविवारी मुलीची आई त्याला फाटकापर्यंत सोडायला आली. "बॅग अजून रिकामी केलेली नाही हं," एवढेच ती म्हणाली.

मध्ये चार महिने तो आलाच नाही. मग एक दिवस खाली मान घालून आला. "कुठे होतात?" असे कुणी विचारले नाही. मला लावायचे काम मात्र त्याच्याकडे दिले. तो मला फाटकापाशी ठेवी, रस्ता ओलांडून पलीकडून बघे आणि परत येऊन थोडे सरकवी. सुतारकाका चिडवत, "पाटी लावताय की फोटो काढताय?"

तो म्हणे, "पाटी येणाऱ्याला दिसली पाहिजे. लावणाऱ्याला काय, ती दिसतेच."

अशी सोळा वर्षे गेली. यंदा तो आजारी पडला आणि गेला. मग मला जिन्याखालच्या कपाटात केरसुण्यांशेजारी उभे केले. "आता सगळ्यांच्या फोनवर पत्ता असतो," कुणीतरी म्हणाले. एका रविवारी मी कपाटातून अनोळखी पावले ऐकली. कोपऱ्यापर्यंत गेली, परत आली. पुन्हा गेली. मग आली नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी बसचालकाची मुलगी, आता मोठी झालेली, त्याच्याकडची वरच्या खोलीची किल्ली परत द्यायला आली. फाटकापाशी क्षणभर थांबली, इकडेतिकडे पाहिले आणि सरळ कपाट उघडले. रुमालाने मला पुसले. फाटकापाशी ठेवले आणि रस्ता ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहिली. मध्ये एक बस गेली. तरी ती बघतच होती. मग परत येऊन तिने मला वीतभर डावीकडे सरकवले.

मित्रांनो, मला सोन्याचा मुलामा नको. कुणासाठी पाटी लावलीत, तर एकदा रस्ता ओलांडून बघा. दिसत नसेल, तर वीतभर सरकवा. तेवढ्याने एखादी भरलेली बॅग घरातच राहते.