वायरमनबाईची पिशवी

मित्रांनो, हत्यारांची एक जुनी पिशवी तुमच्याशी बोलते आहे. जाड चामड्याची, पितळी बकलाची. बोलते आहे खरी, पण फार दमले आहे, तेव्हा थोडक्यात सांगते.

माझी मालकीण विजेची कामे करायची. पक्कड, टेस्टर, तीन पेचकस, चिकटपट्टी आणि कधीतरी अर्धवट खाल्लेला बिस्किटाचा पुडा, एवढा माझा संसार. सगळी गल्ली तिला वायरमनबाई म्हणून चिडवायची आणि फ्यूज उडाला की तिलाच हाका मारायची. सव्विसाव्या वर्षी तापाचे निमित्त झाले आणि ती गेली.

तिच्या आईने तिच्या नावाने निधी सुरू केला. नव्याने कामाला लागणाऱ्या एका मुलीला दरवर्षी त्यातून मदत मिळते. कुणी नर्स, कुणी ड्रायव्हर, कुणी शिवणकाम करणारी. समारंभात आई मला त्या मुलीच्या हातात देते, फोटो निघतो, टाळ्या होतात आणि मी परत कपाटात. पिशवी परत करायची, हे मुलींना आधीच सांगून ठेवलेले असते. अकरा वर्षे मला नेमाने पॉलिश झाले, माझ्यावर भाषणे झाली. खरे सांगते, कामाने कधी दमले नाही इतकी मी त्या कौतुकाने दमले.

निधीच्या बाराव्या वर्षी निवडलेली मुलगी मात्र विजेच्याच कामाला लागणार होती. ती समारंभाला उशिरा, धावतपळत पोहोचली. घाईत तिला कुणी काही सांगितलेच नाही. फोटो झाल्यावर तिने मला खांद्याला अडकवले आणि सरळ घर गाठले. दुसऱ्या दिवशी एका नव्या इमारतीत आम्ही दोघी राबलो. अंगावर सिमेंट सांडले, एका बाजूची शिवण उसवली.

दुपारी मालकिणीची आई मला शोधत तिथे आली. माझी दशा बघून तिचा चेहरा उतरला.

"पिशवी परत द्यायची असते गं. माझ्या लेकीची आहे ती."

"मला वाटलं, दिली म्हणजे दिली. चुकलं माझं, काकू."

मुलगी जिन्यावरच बसली आणि एकेक हत्यार पुसून माझ्यात भरू लागली.

"उद्या कशानं काम करशील?" आईने विचारले.

"बघते. मागून घेईन कुणाकडून तरी."

शेवटची राहिली पक्कड. ती तिने आईच्या हातात दिली. सकाळपासून मुठीत राहून पक्कड गरम झाली होती. अकरा वर्षे आईच्या हाताला ती गारच लागत आली होती. आई ती दोन्ही हातांत धरून बराच वेळ उभी राहिली. मग तिने डोळे पुसले आणि पक्कड परत मुलीच्या हातात ठेवली.

"शिवण तेवढी घालून घे," ती म्हणाली. "जाड दोऱ्यानं."

मित्रांनो, आता मी रोज दमते. खांदे दुखतात, बकल कुरकुरते. पण गेलेल्या माणसाची वस्तू तुमच्या घरी असेल, तर तिला नुसते पुसून ठेवू नका. ज्याला गरज आहे त्याला ती वापरू द्या. बरे, येते. उद्या सकाळी आठला आम्हाला चौथ्या मजल्यावर पोहोचायचे आहे.