रेडिओवर उघडणारा दरवाजा

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे, पण मला घर नाही. ते कधी नव्हतंच. माझ्या अलीकडे एक टेबल आहे आणि पलीकडेही टेबलच आहे. मला उघडून आजवर कुणी कुठे पोहोचलेलं नाही. तरीही कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या कितीतरी माणसांना माझा आवाज पाठ आहे. चेहरा मात्र कुणी पाहिलेला नाही, कारण माझं सगळं आयुष्य रेडिओच्या नाटकांत गेलं.

उंचीनं मी तुमच्या कमरेएवढा. कोंडाणे गावच्या नामा सुतारानं एका मोडलेल्या गोठ्याच्या सागवानी फळ्यांतून मला घडवलं. मला करून घ्यायला आले होते कळंबचे पोपटराव.

“दार पायजे,” ते म्हणाले.

“घर कुटं हाय?” नामानं विचारलं.

“घर नाय. नुसतं दार पायजे, चौकटीसकट. एका अंगाला कडी-कोयंडा लाव, दुसऱ्या अंगाला फ्लॅटचं लॅच. आन् बिजागरी कुरकुरती बसव.”

नामानं कानावरची पेन्सिल काढली आणि पुन्हा कानावर ठेवली. “पोपटराव, बिजागरी कुरकुरते म्हनून मी लोकांच्या शिव्या खाल्ल्यात. कुरकुरती मागनारं गिऱ्हाईक आज पयलंच बगतोय.”

असा मी जन्मलो. माझ्या एका अंगाला खेडं होतं, दुसऱ्या अंगाला शहर, आणि मधे बोटभर जाडीचं सागवान.

आता पोपटरावांविषयी सांगतो. मी माणसं ओळखतो ती त्यांच्या हातावरून. कोण कडी हळू काढतो, कोण आपटतो, कोण उघडून लावायला विसरतो, सगळी नोंद माझ्याजवळ आहे. पोपटराव मला उघडताना आधी छाती पुढे काढत. हा नटाचा हात! बावीस वर्षं त्यांनी गावच्या जत्रेत नाटकं केली. नऊ वेळा सेनापती झाले, सहा वेळा खलनायक. एकदा राणीही झाले, पण तेव्हा मिशी काढावी लागली म्हणून पुन्हा राणी व्हायला तयार झाले नाहीत. मग जत्रेत नाटकाच्या जागी ऑर्केस्ट्रा आला. पोपटरावांच्या हाती कुंभिवलीच्या कारखान्यातली नोकरी आणि आरशासमोरची छाती एवढंच उरलं.

पण त्यांच्या मनात एक गोष्ट सलत होती. बावीस वर्षं त्यांनी टाळ्या घेतल्या त्या दुसऱ्यांनी लिहिलेल्या वाक्यांवर. स्वतःचं एक तरी वाक्य लोकांच्या कानात जावं, असं त्यांना फार वाटे. म्हणून कर्जतजवळ लहानसं रेडिओ केंद्र सुरू झालं, तेव्हा ते नाटक लिहून घेऊनच तिथे गेले.

केंद्र चालवणाऱ्या हर्षलाताई स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, “पोपटमामा, गुरुवारी संध्याकाळी सात ते साडेसात. तीन नाटकं करा. तिसऱ्यापर्यंत श्रोत्यांचे फोन आले तर ही वेळ तुमची. नाही आले तर भाजीपाला सल्ला लावते.”

ही बातमी घरी कळली तेव्हा त्यांच्या पत्नी जनीबाई एवढंच म्हणाल्या, “अवो, पन रेडिओवर मिशी दिसनार हाय का?”

याचं उत्तर तालमीत मिळालं. नाटकात नायिकेला विचारलं जातं, “तुला हे लग्न मान्य आहे का?” आणि त्यापुढे सगळे गप्प. काचेपलीकडून हर्षलाताई म्हणाल्या, “मामा, पुढचं वाक्य?”

“वाक्य कशाला? ती मान हलवतेय की!”

“ती हलवतेय, पण खोपोलीत बसलेल्या माणसाला कसं दिसणार?”

मित्रांनो, त्या एका नाटकात चौदा वेळा मान हलवली होती, सहा वेळा डोळे पुसले होते, आणि शेवटी खलनायक ‘क्रूर हसत नाही, नुसता बघतो’ असं लिहिलं होतं. बावीस वर्षं लोकांनी ज्यांना पाहिलं होतं, त्यांना आता कुणी पाहणार नव्हतं, हे त्यांच्या पचनी पडेना. त्यांनी माना खोडल्या, डोळे खोडले. आणि त्या रिकाम्या जागी त्यांनी काय भरलं? मला!

पहिल्या नाटकात मला एकवीस वेळा ठोठावलं. दुसऱ्यात सतरा वेळा. पात्र आलं की टकटक, गेलं की धाड. मला ठोठावायचं काम जितेशकडे होतं. तो पूर्वी हळदीत डीजे वाजवायचा, त्यामुळे साधी टकटकही तो ठेक्यात करायचा. मी तर फुशारून गेलो होतो. नाटकात सर्वांत जास्त काम माझंच होतं ना!

पहिल्या नाटकानंतर एकच फोन आला. त्या गृहस्थांना गाणं लावून हवं होतं. दुसऱ्यानंतर तेवढाही आला नाही.

तेव्हा तोंड उघडलं ते अंबूबाईंनी. या सत्तरीच्या बाई कर्जतच्या बाजारात पालेभाजी विकतात. त्यांचा आवाज बाजाराच्या या टोकापासून त्या टोकाला जातो, म्हणून हर्षलाताईंनीच त्यांना म्हाताऱ्या बायकांच्या भूमिकांसाठी आणलं होतं.

“पोपट, येक इचारू?” त्या म्हणाल्या. “आपल्याकडं दार कोन वाजवतो रं?”

“म्हंजे?”

“आरं, दिवसभर दारं उघडीच असत्यात. मानूस अंगनातनंच हाक मारतो. दार वाजवतो तो पोलीस, नायतर मतं मागनारा. तुज्या नाटकात बहीन आली तरी टकटक, जावई आला तरी टकटक. माजी शेजारीन म्हनली, गावात एवढे पोलीस कशाला आनलेत गं?”

सगळे हसले. पोपटराव हसले नाहीत. मीही नाही. बाई खरं बोलत होत्या, आणि त्या खऱ्यात माझं काही काम उरत नव्हतं.

झालंही तसंच. जितेशनं मला उचललं आणि मोरीजवळच्या कोपऱ्यात उभं केलं. एका बाजूला बादली, दुसऱ्या बाजूला ओलं फडकं, बाहेर आषाढ. तीन आठवडे मला कुणी हात लावला नाही. झाडणाऱ्या बाई मला टेकून चहा प्यायच्या, तोच काय तो सहवास! मला वाटलं, गोठ्यात राहिलो असतो तर निदान गाईंना तरी उपयोगी पडलो असतो.

या तीन आठवड्यांत पोपटरावांनी आयुष्यात न केलेली गोष्ट केली. ते गप्प बसले. कारखान्यातून आले की कुणाच्या तरी ओटीवर जाऊन बसायचे आणि ऐकायचे. जनीबाईंना तर काळजीच वाटली. त्या केंद्रावर येऊन म्हणाल्या, “ताई, यांना बरं नाय काय? दोन तास झाले, सोताविषयी काय बोललेच नाय.”

आणि एके दिवशी ते धावतच आले. “अंबूमावशे, दारं दिवसभर उघडी असत्यात ना? मग भर दिवसा एखादं दार लावलेलं दिसलं तर?”

अंबूबाईंचा चेहरा बदलला. “तर मग काईतरी झालंय, रं. सगळी आळी थांबनार.”

तेच तिसरं नाटक. भागी आणि मैना या दोन जावा. घरच्या हळदीत आधी कुणाला बोलावलं, यावरून त्यांचं बिनसतं. भागी भर दिवसा दार लावून बसते. आळीतली माणसं एकेक करून अंगणातून हाक मारतात, दार उघडत नाही. शेवटी मैना येते, हाक मारते, आणि दार उघडतं. अख्ख्या नाटकात मी एकदाच लागायचो आणि एकदाच उघडायचो. अडतीस टकटकींच्या बदल्यात दोन आवाज! पण मित्रांनो, त्या दोन आवाजांवर सगळं नाटक उभं होतं.

भागी झाल्या अंबूबाई. मैनेचं काम करणाऱ्या मुलीची नेमकी परीक्षा आली, म्हणून जनीबाईंना उभं केलं. आळीतली सगळी माणसं पोपटराव एकटेच, आठ आवाजांत. आणि प्रयोग थेट. नाटकाला दुसऱ्यांदा संधी नसते, हा पोपटरावांचा जुना हट्ट होता.

गुरुवारी सातला जितेशनं मला मोरीजवळून आणून माईकपुढे ठेवलं. सुरुवातीला भागीनं मला असं लावलं की काचेपलीकडे हर्षलाताई दचकल्या. मग माणसं येत गेली, हाका मारत गेली. पोपटरावांचा आवाज म्हातारा झाला, पोरगा झाला, दूधवाला झाला. सात वाजून बावीस मिनिटांनी जनीबाई माईकजवळ आल्या.

“भागे… उघड गं. चुकलं माजं.”

आता मी उघडायचं. जितेशनं कडी काढली, ओढलं.

मी उघडलो नाही.

मी मुद्दाम केलं नाही हो! तीन आठवडे बादलीशेजारी उभं राहून माझं लाकूड फुगलं होतं. जितेशनं पुन्हा ओढलं. चौकट माझ्यासकट टेबलावर सरकली. सगळीकडे शांतता. रेडिओवर शांतता म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक नसेल. नाटक जणू मरून पडतं. हर्षलाताई काचेपलीकडून संगणकाकडे बोट दाखवत होत्या. त्यात दार उघडण्याचा तयार आवाज होता, पण तो विलायती भुताच्या बंगल्याचा. पोपटरावांनी हात आडवा केला. वेळ जाणार, वाक्य जाणार, सगळं जाणार, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि मी काहीच करू शकत नव्हतो.

तेवढ्यात अंबूबाईंनी हातातला कागद खाली ठेवला.

“मैने! दार फुगलंय गं! चार दिस लावून बसले ना मी. आता माजं मलाच उघडंना!”

जनीबाईंनीही कागद टाकला. “मग बग! आनखी बस रुसून! थांब, मी भायरनं ढकलते. तू वढ.”

“वढतेच हाय!”

“जोर लाव की! हळदीत भांडताना लय जोर व्हता!”

“तुज्या खांद्यात काय भाकरीचं पीठ भरलंय का? ढकल!”

आणि मित्रांनो, त्या खरोखर मला ओढत-ढकलत होत्या. जितेशनं चौकट धरली. पोपटराव आळीतले आठही आवाज एकदम काढून ओरडले, “हां, येकदोन… येकदोन!”

मी उघडलो. कसा आवाज केला म्हणून सांगू? सागवान ओरडलं, बिजागरी किंचाळली, आणि जनीबाई माझ्यावरून थेट अंबूबाईंच्या अंगावर गेल्या. दोघी हसत सुटल्या. ते हसू लिहिलेलं नव्हतं. पोपटरावांचं शेवटचं वाक्य होतं, “आळीनं सुटकेचा निःश्वास टाकला.” त्यांनी ते वाचलं नाही. त्या हसण्यावरच त्यांनी नाटक संपवलं. बावीस वर्षं टाळ्या घेतलेल्या नटानं स्वतःचं शेवटचं वाक्य सोडून दिलं, याची नोंद मी सर्वांत वर ठेवली आहे.

त्या संध्याकाळी त्रेचाळीस फोन आले. हर्षलाताई एकेक नाव लिहून घेत होत्या. कोंडाण्याहून एका आजोबांनी विचारलं, “दार नीट उघडलं ना? आमी हितं ओटीवर बसून ढकलत व्हतो.” आणि खालापूरहून एका बाईंनी फक्त एवढंच सांगितलं, की नाटक संपल्यावर त्या उठून शेजारी जावेकडे गेल्या, आणि आता तिथूनच फोन करत आहेत.

पोपटरावांनी तो निरोप हर्षलाताईंकडून पुन्हा एकदा सांगून घेतला. जनीबाई म्हणाल्या, “बगा, मिशी कोनाला दिसली नाय, तरी काम झालं.”

भाजीपाला सल्ला शुक्रवारी गेला. गुरुवार पोपटरावांचा झाला, त्याला आता सहा वर्षं होत आली. त्या नाटकाच्या दुसऱ्या दिवशी नामा रंधा घेऊन मला तासायला आला होता. पोपटरावांनी त्याला अडवलं. म्हणाले, “पावसाळ्यात फुगू दे त्याला. पावसाळ्यात मी अडलेली मानसं लिहीन. उन्हाळ्यात मोकळं झालं की पळून जानारी लिहीन.” आणि खरंच ते तसं लिहितात. आधी माझी कडी हलवून बघतात, मग कागद पुढे ओढतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादी वस्तू अडत असेल, कुरकुरत असेल. तिला लगेच मोरीपाशी नेऊन ठेवू नका. लाकूड ओल्यात ठेवलं की फुगणारच, तो त्याचा दोष नाही. तिला कोरडी जागा द्या, अधूनमधून हात लावा. आणि तरीही ती अडलीच, तर एकट्यानं झटत बसू नका. पलीकडे कोण आहे ते बघा, आणि त्याला म्हणा, “तू तिकडनं ढकल, मी ओढतो.”