आईच्या गळ्याची शपथ

फोन वाजला तेव्हा भिंगरीची आई जमिनीपासून चौदा मजले वर, क्रेनच्या काचेच्या खोक्यात बसली होती. हुकाला सळ्यांचा गठ्ठा लटकत होता, वारा त्याला झुलवत होता आणि खाली दोन माणसं तो उतरायची वाट बघत उभी होती. केबिनमध्ये फोन वापरला तर नोकरी जाते. पण पोरीला लहानपणापासून मधुमेह, म्हणून डब्याच्या पिशवीत फोन कायम चालू. तिनं एका हातानं स्पीकर लावला आणि हात पुन्हा दांड्यावर ठेवला.

"तुमची मुलगी हट्टाला पेटलीय," शाळेतल्या बाई म्हणाल्या. "घामानं भिजलीय, हात थरथरतायत. साखरेचं मीटर चोपन्न दाखवतंय. ग्लुकोजचं पाणी पुढं केलं की तोंड घट्ट मिटते."

बाईंच्या मागून कुणीतरी शहाणपण पाजळलं, "शुगरच्या पेशंटला साखर कसली देताय? इंजेक्शन द्या."

"त्या इंजेक्शनला कुणी हात लावायचा नाही," आई म्हणाली. "ते दिलंत तर साखर आणखी उतरेल, पोर मरेल. तीन वेळा येऊन सांगितलंय मी. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या, नंदीबैलासारख्या. शुद्धीवर आहे का? पाणी गिळता येतंय का?"

"हो. पण ऐकत नाही. सारखी शपथ शपथ म्हणते."

कुठली शपथ, ते आईला लगेच कळलं.

गेल्या महिन्यात गादीखाली चॉकलेटचे कागद सापडले होते. साखर इतकी चढली की पोरीला दवाखान्यात ठेवावं लागलं. घरी आल्यावर आईनं तिचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून घेतला होता. मला विचारल्याशिवाय गोड तोंडात घालणार नाही, म्हण. आईच्या गळ्याची शपथ म्हण. कुलूप घातल्यासारखं तिला वाटलं होतं. आपल्या हुशारीचं कौतुकसुद्धा वाटलं होतं, आता काय सांगायचं.

वॉकीटॉकी खरखरली. खाली फोरमन होता. "काय वहिनी, डोळा लागला का? माणसं माना वर करून ताटकळलीत."

"वारा आहे. थांबा."

दांडा सोडता येत नव्हता. खाली पळत सुटता येत नव्हतं. चौदा मजल्यांची शिडी आणि पुढं अर्ध्या गावापलीकडची शाळा.

"बाई, फोन तिच्या कानाला लावा."

लांबून आल्यासारखा आवाज आला. "आई."

"पी ते पाणी."

"नको. तू पडशील."

"कुठून पडेन?"

"क्रेनवरून. शपथ मोडली की आई मरते. तू वर आहेस ना आत्ता?"

गठ्ठा काचेसमोरून हळूच फिरला. आईला ओरडावंसं वाटलं, रडावंसं वाटलं. दोन्हींपैकी काही केलं असतं तर हात हलला असता.

"भिंगरे, ऐक. शपथ सुटली. मी घातली होती, मीच सोडली. मला विचारल्याशिवाय नाही, असं होतं ना? आता मीच पी म्हणतेय. म्हणजे मोडली का?"

"नाही."

"मग पी. घोट घोट. मला ऐकू येऊ दे."

तिनं दांडा पुढं सरकवला. गठ्ठा खाली निघाला, फोनमध्ये घोट उतरू लागले. खालच्या माणसांनी गठ्ठा धरला, हुक सोडला.

"वहिनी, फोनवर बोलताय का? दिसतंय मला."

"पोर आजारी आहे. बदली माणूस पाठवा, मी उतरते."

"बदली माणूस काय झाडाला लागतो? शिफ्ट संपल्यावर उतरा. फोनचं मग बघतो."

बाईंनी पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं कबूल केलं. मोजलं, साखर ब्याण्णव आली. त्यांनी बिस्किटं दिली आणि पहिल्यांदाच नीट विचारलं, किती द्यायची. मग फोन भिंगरीकडं गेला. आवाज आता तिचा, नेहमीचा, आगाऊ.

"परत शपथ घालणार का?"

"नाही."

"मग मी गुपचूप चॉकलेट खाल्लं तर?"

"मला सांगायचं."

"आणि नाही सांगितलं तर?"

आईनं काचेतून खाली बघितलं. फोरमन शिट्टी फुंकत होता. पुढचा गठ्ठा तयार होता. "तरी माझा फोन चालूच असेल," ती म्हणाली आणि तिनं हुक त्याच्याकडं सोडला.