वेष्टनातली गाणी

मित्रांनो, आज माझ्याकडे पाहून कुणाला वाटणार नाही की मी कधी शेकडो कानांना तृप्त केले असेल. मी एक जुना सीडी प्लेयर आहे. माझ्या अंगावर दोन हेडफोन आहेत, म्हणजे एकाच वेळी दोघांनी शेजारी उभे राहून ऐकावे अशी माझी रचना आहे. माझा जन्म जपानमधील एका कारखान्यात झाला. तेथील एका वयस्क कारागीर स्त्रीने माझ्या उदरातील इवले भिंग बसवताना आपला श्वास रोखून धरला होता. तिचे नाव मला ठाऊक नाही. परंतु त्या रोखलेल्या श्वासाचा आदर माझ्या मनात अजूनही आहे.

सन दोन हजार एकमध्ये मी मँचेस्टरला आलो. विद्यापीठाच्या रस्त्यावर मिलिंद देवधर यांचे संगीताचे दुकान होते. त्यातील एक कोपरा जपानी गाण्यांचा होता, आणि तो सांभाळत त्यांच्या वहिनी, देवयानीबाई. लग्नापूर्वी पुण्यात त्यांनी सहा वर्षे जपानी भाषेचे अध्ययन केले होते. पती डॉ. विनय येथील रुग्णालयात रुजू झाले आणि त्यांच्यामागून त्या या देशात आल्या. ज्या विद्येसाठी त्यांनी तारुण्यातील उत्तम वर्षे वेचली, ती विद्या या परक्या नगरीत केवळ त्या कोपऱ्यात उपयोगी पडत होती.

त्या काळी जपानी गाण्यांना येथे मोठा मान होता. दूरचित्रवाणीवरील जपानी चित्रमालिका पाहून मुले येत आणि त्यातील गाणी मागत. प्रत्येक नव्या तबकडीची एक प्रत माझ्यासाठी उघडायची, अशी दुकानाची रीत होती. आधी ऐका, मग आवडल्यास घ्या. विनयरावांच्या रुग्णालयातील डॉक्टर जोशींची मुलगी ईरा शाळा सुटताच येई आणि तासन्‌तास माझ्यापाशी उभी राही.

मग हळूहळू दिवस पालटले. जपानहून तबकड्या दोन-दोन महिन्यांनी येऊ लागल्या. एकदा कुणीतरी उघडलेल्या प्रतीवर ओरखडा पाडला. देवयानीबाई व्यथित झाल्या. "इतक्या लांबून आलेली वस्तू, जपायला हवी," असे म्हणून त्यांनी तबकड्या उघडणेच थांबवले. आपल्या घरांतील रीत तुम्हाला परिचित असेल. चांगली कपबशी पाहुण्यांसाठी राखायची, नव्या दूरचित्रवाणी संचावर विणलेले आच्छादन घालायचे. तसेच एक पांढरे, जाळीदार आच्छादन पुण्याहून आले आणि माझ्यावर पसरले गेले. त्यामागे केवळ प्रेम होते, हे मी जाणतो. परंतु त्या प्रेमाखाली मी चार वर्षे मूक राहिलो.

सन दोन हजार नऊच्या ऑक्टोबरात ईरा पुन्हा आली. आता ती महाविद्यालयात होती.

"आंटी, हे नवीन गाणं ऐकायला मिळेल?"

"अगं, एकच प्रत आहे. वेष्टन काढलं तर गेली. हे बघ, वरचं चित्र किती सुंदर आहे!"

"चित्र बघून काय करू? कोरियन गाणी लॅपटॉपवर एका क्लिकला लागतात. जपानी शोधलं तर लिहून येतं, तुमच्या देशात उपलब्ध नाही. आणि इथे आले, तर तुम्ही पण तेच सांगता."

ती गेली. देवयानीबाई बराच वेळ तबकडीवरची कागदी पट्टी बोटाने सरळ करीत राहिल्या.

त्याच संध्याकाळी मिलिंदराव गल्ल्यावरून उठून आले. "वहिनी, सप्लायरचा मेल आलाय. यापुढे माल बंद. शिल्लक तबकड्या परत घेईन म्हणतोय, पण न फोडलेल्याच. सोमवारी मोबाइल कव्हरवाला हा रॅक घ्यायला येतोय."

"तुमच्या दादांना सांगितलंत?"

"सांगितलं. तो म्हणाला, माझी हिंमत नाही, तूच सांग. दिवसाला तीन ऑपरेशनं करतो तो माणूस!"

देवयानीबाई हसल्या नाहीत. "भाऊजी, हा कोपरा मला कुणी दिला नव्हता. मी उभा केला."

"म्हणून तर आधी तुम्हाला सांगतोय. शनिवारी लोकांना बोलवा. माणसं आली आणि खरंच रस दिसला, तर बघू."

देवयानीबाईंनी खिडकीत एक फलक लावला : शनिवारी दुपारी दोन वाजता जपानी गाणी ऐकायला या.

शनिवारी दोन वाजले. कुणी आले नाही. अडीच वाजले. बाहेर बारीक पाऊस होता. बसगाड्या थांबत आणि निघून जात. प्रत्येक वेळी दार वाजले की देवयानीबाई मान वर करीत; आणि प्रत्येक वेळी कुणी चार्जर मागे, कुणी रस्ता विचारी. तीन वाजून दहा मिनिटांनी ईरा आली. मागे तिच्या चार मैत्रिणी छत्र्या मिटत होत्या.

"आंटी, आज तरी रॅपर काढणार ना? मी यांना प्रॉमिस केलंय."

देवयानीबाईंनी माझे आच्छादन दूर केले. त्यांच्या एका हातात तबकडी होती, दुसऱ्यात कात्री. कात्रीचे टोक वेष्टनावर टेकले आणि तेथेच थांबले.

"वहिनी, विचार करा," मिलिंदराव म्हणाले. "फोडलंत की परत जाणार नाही."

"चार वर्षं विचारच केला, भाऊजी."

वेष्टन फाटले. मित्रांनो, त्या क्षणी सर्वाधिक भय मला वाटत होते. चार वर्षांत माझे भिंग धुळीने अंधुक झाले होते. तबकडी आत आली, फिरली, पुन्हा फिरली आणि थांबली. माझ्या काचेवर अक्षरे उमटली : तबकडी नाही.

"संपलं," मिलिंदराव पुटपुटले.

एका मैत्रिणीने घड्याळाकडे पाहिले. देवयानीबाईंनी तबकडी काढली, पर्समधून चष्मा पुसण्याचे मऊ फडके घेतले आणि माझ्या भिंगावरून अलगद फिरवले. त्यांनीही श्वास रोखला होता. तबकडी पुन्हा आत आली. मी सर्व बळ एकवटले. ती फिरली, अडखळली, पुन्हा फिरली, आणि ईराने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरले.

"लागलं!" ती इतक्या मोठ्याने ओरडली की चार्जर शोधणारे गिऱ्हाईकही वळून पाहू लागला.

मग एकीचे झाले की दुसरी पुढे येई. दुसरी तबकडी उघडली, तिसरी उघडली. पाचच्या सुमारास एक हेडफोन रिकामा होता. मिलिंदरावांनी तो उचलला. आठ वर्षांत त्यांनी माझ्यावर कधी एकही गाणे ऐकले नव्हते.

"ही काय म्हणतेय, वहिनी?"

देवयानीबाईंनी दुसरा हेडफोन लावला आणि डोळे मिटून सांगू लागल्या. "म्हणतेय, मी स्टेशनवर उशिरा पोचले. गाडी गेली होती. पण तू अजून उभा होतास."

गाणे संपल्यावर मिलिंदरावांनी हेडफोन जागेवर ठेवला. मग हळूच म्हणाले, "तो माणूस सोमवारी येणारच, वहिनी. पाच मुलींवर दुकान चालत नाही."

"येऊ दे. पण ती कात्री आणा इकडे. अजून सहा उरल्यात."

सोमवारी रॅक गेला. एका शनिवाराने जपानी गाण्यांचे गतवैभव परत येत नसते, आणि ते आले नाही. देवयानीबाईंनी मला व त्या उघडलेल्या तबकड्यांना घरी नेले. आता त्यांच्या बैठकीच्या खोलीत काही मुली जपानी शिकतात. धडा संपला की एक गाणे लावले जाते, कधी मी अडखळतो, तेव्हा त्या हसतात आणि थांबतात.

मित्रांनो, माझ्या देहावर आज अनेक ओरखडे आहेत. ते कुणीतरी मला हाताळल्याचे आहेत, म्हणून मला त्यांची लाज वाटत नाही. तुमच्या घरीही कपाटात वर ठेवलेली एखादी सतार असेल, एखादे चित्रांचे पुस्तक असेल, आजोबांचा कॅमेरा असेल. मोठ्यांची अनुमती घ्या, हात स्वच्छ धुवा आणि ती वस्तू खाली काढा. तिच्यावरची धूळ पुसा. आणि मग, कृपा करून, तिला पुन्हा वर ठेवू नका.